सूर्यास्तापर्यंतचे काम : यंत्रमागाचे सौरऊर्जेकडे संक्रमण आणि वाङ्मयाभ्यासापुढील काही प्रश्न

१. भूमिका

लघुउद्योगातील ऊर्जाबदल हा विषय सामान्यतः अर्थशास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या कक्षेतील मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे वळण्याचे कारण काय, असा प्रश्न या ग्रंथाच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. मात्र गेल्या तीन दशकांत तौलनिक साहित्याभ्यासात ऊर्जेचा विचार हळूहळू मध्यभागी येऊ लागला आहे. अमिताव घोष यांनी १९९२ साली अब्दुल रहमान मुनीफ यांच्या कादंबऱ्यांचे परीक्षण करताना तेलावरील कादंबरी इतकी विरळा का, हा प्रश्न उपस्थित केला. पुढे २०११ मध्ये पॅट्रिशिया येगर यांनी साहित्याचे कालखंड राजवटींऐवजी लाकूड, चरबी, कोळसा, तेल अशा इंधनांनुसार पाडून पाहावेत, अशी सूचना केली. या चर्चेतील बहुतेक उदाहरणे तेलाची आणि कोळशाची आहेत. भारतीय भाषांतील साहित्यात मात्र ऊर्जेचा प्रत्यय बहुधा मागाच्या, गिरणीच्या आणि गेलेल्या विजेच्या रूपाने येतो.

या दृष्टीने यंत्रमागाचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर, तसेच तमिळनाडूतील पल्लडम आणि सोमनूर या गावांमध्ये यंत्रमाग हा मुख्यतः छोट्या मालकाचा धंदा आहे. या धंद्यात मराठी, उर्दू, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा अनेक भाषा नांदतात. त्यातील काही मालकांनी अलीकडच्या वर्षांत कारखान्याच्या छपरावर सौर पटले बसविली आहेत. या बदलाचे स्वरूप नेमके काय आहे आणि मागावरील वाङ्मय वाचताना त्याचा उपयोग कसा होतो, हे स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. दिवसाची लांबी

प्रथम एक जुना संदर्भ ध्यानात घ्यावा लागेल. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील गिरणी कामगारांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार या मागण्यांबरोबरच त्यात आणखी एक मागणी होती : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. तत्कालीन गिरणीत कामाचा दिवस मुळातच उजेडाने बांधलेला होता. उन्हाळ्यात तो लांबे, हिवाळ्यात आखडे. कामगारांची मागणी या नैसर्गिक मर्यादेला हक्काचे रूप देणारी होती. मावळता सूर्य त्यांच्या दृष्टीने मालकाला न जुमानणारा मुकादम होता.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि ही मर्यादा संपुष्टात आली. कामाचे तास तेरा-चौदा आणि काही गिरण्यांत त्याहूनही अधिक झाले. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, ती याच पार्श्वभूमीवर. जे पूर्वी सूर्य करीत असे ते आता कायद्याला करावे लागले. येथे वीज अद्याप यंत्र चालवीत नव्हती, यंत्र वाफेवरच चालत होते. विजेने फक्त रात्र कामासाठी मोकळी केली होती.

यानंतरचा टप्पा १९१५ चा. खोपोली येथील टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या वाफेकडून विजेकडे वळू लागल्या. सह्याद्रीचे पाणी शहरातील साच्यांपर्यंत आले. याच व्यवस्थेच्या विस्तारासाठी मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले आणि १९२१ पासून मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. मुळशीचा सत्याग्रह मराठी वाचक राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात वाचतो. तो कापडाच्या इतिहासातही वाचला पाहिजे. रवींद्रनाथ ठाकूर यांचे ‘मुक्तधारा’ हे धरणाविषयीचे नाटक १९२२ चे आहे. या समकालीनतेतून प्रभाव सिद्ध होत नाही. तथापि यंत्राला लागणारी शक्ती कोणाच्या तरी जमिनीतून येते, ही जाणीव त्या काळी दोन भाषिक प्रदेशांत जागी होती, असे म्हणता येते.

याच सुमारास गिरणीबाहेर दुसरी एक परंपरा आकार घेत होती. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला. गिरणीची अवाढव्य यंत्रणा नसलेला, चार-सहा मागांवर उभा राहणारा हा धंदा पुढे फोफावला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर कापड विणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागाकडे गेले आणि गिरण्यांतील जुने मागही अनेकदा त्याच वाटेने भिवंडीसारख्या गावी पोहोचले. आज सौरऊर्जेचा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे तो लहान यंत्रमागधारक या साऱ्या इतिहासाचा वारसदार आहे.

३. छपरावरील व्यवहार

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहू. एक काल्पनिक, परंतु प्रातिनिधिक म्हणता येईल असा कारखाना घेऊ. त्यात २४ साधे माग आहेत आणि प्रत्येक मागाला एक अश्वशक्तीची मोटर आहे. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे पाऊण किलोवॅट, म्हणून सर्व माग मिळून भार सुमारे १८ किलोवॅट होतो. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आहेत. तुटलेले सूत, बीम बदलणे, कांड्यांची वाट पाहणे यांत जाणारा वेळ वगळून माग दिवसाला २० तास पूर्ण भाराने चालले असे धरले, तर रोजची गरज ३६० युनिटांची होते.

छपरावर एक किलोवॅट क्षमतेची पटले बसविण्यास साधारणतः १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने त्यातून दिवसाला सुमारे चार युनिटे वीज मिळते. मंजूर भाराइतकी म्हणजे १८ किलोवॅटची पटले बसविली, तर १,८०० चौरस फूट छप्पर व्यापले जाईल आणि रोज ७२ युनिटे मिळतील. गरजेचा हा बरोबर पाचवा हिस्सा आहे. ‘सौरऊर्जेवर चालणारा कारखाना’ हा शब्दप्रयोग वापरताना हे प्रमाण विसरता कामा नये. पाचातील चार धागे अजूनही दुसरीकडून येतात.

या हिशेबात आणखी तीन तपशील मिळवावे लागतात. पहिला उन्हाचा. ऊन वाढले की वीज वाढते, हा समज अर्धसत्य आहे. सिलिकॉनच्या पटलाला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पटलाचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे त्याची क्षमता सुमारे ०.४ टक्क्यांनी घटते. पावसाळ्यातील ढगांमुळे उत्पादन उतरते ते निराळेच. त्यातच कापसाचे तंतू आणि धूळ पटलांवर बसते व ती वरचेवर धुवावी लागतात.

दुसरा तपशील छपराचा. जुन्या गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असत. त्यांतील काचा उत्तरेकडे तोंड करून बसविलेल्या असत. कारण तुटलेला धागा दिसण्यास विणकराला स्थिर, तिरीप नसलेला उजेड लागतो. त्याच दात्यांची बंद उतरण दक्षिणेकडे असते आणि आपल्या अक्षांशावर पटलांना दक्षिणच हवी असते. एकाच छपराची एक बाजू डोळ्यासाठी आणि दुसरी मोटरसाठी, अशी ही विभागणी आहे. यंत्रमागाच्या अनेक कारखान्यांवर मात्र साधे पत्रे असतात आणि पटलांचा भार घेण्याइतका सांगाडा मजबूत असेलच असे नाही. शिवाय कारखाना भाड्याचा असेल, तर माग एकाचा आणि छप्पर दुसऱ्याचे असते. पटले पंचवीस वर्षे टिकतात, परंतु भाड्याचा करार आणि सुताचे काम पुरविणाऱ्या व्यापाऱ्याशी असलेला संबंध तेवढा टिकण्याची शाश्वती नसते. दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, इचलकरंजीकडे ‘खर्चीवाला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रमागधारकाची दृष्टी पुढच्या बीमापर्यंतच पोहोचू शकते.

तिसरा तपशील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजला जाणारा आहे. बहुतेक सौरसंच ग्रीडला जोडलेले असतात. ग्रीडवरील वीज गेली की असा संच सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. तसे न झाले तर दुरुस्तीसाठी तारेवर चढलेल्या कामगाराच्या जिवाला धोका निर्माण होईल. म्हणजे लख्ख ऊन असतानाही वीज गेल्यास माग थांबतात. यावर उपाय बॅटरीचा. मात्र मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह खेचला जातो. त्यामुळे स्वतंत्र संच बराच मोठा घ्यावा लागतो आणि खर्च लहान मालकाच्या आवाक्याबाहेर जातो. सौरऊर्जा म्हणजे वीज मंडळापासून स्वातंत्र्य, हा समज त्यामुळे बहुतांशी काव्यात्म ठरतो.

ग्रीडशी असलेले नाते ‘नेट मीटरिंग’ या व्यवस्थेने ठरते. आपण ग्रीडला दिलेली वीज आपण घेतलेल्या विजेतून वजा होते. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने त्यासाठी २०१५ आणि पुन्हा २०१९ मध्ये विनियम केले. आपल्या काल्पनिक कारखान्यात दिवसा माग चालू असताना पटलांची सर्व वीज तिथल्या तिथे संपते. ती ग्रीडकडे जाते ती माग बंद असलेल्या दिवशीच. या साध्या वस्तुस्थितीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

शासनाची धोरणे या चित्राला प्रांतागणिक वेगळे रूप देतात. केंद्र शासनाने १ एप्रिल २०१७ पासून यंत्रमागासाठी ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही योजना राबविली. तीत लहान घटकांना सौरसंचासाठी सर्वसाधारण गटास ५० टक्के, अनुसूचित जातींना ७५ टक्के आणि अनुसूचित जमातींना ९० टक्के अनुदान देऊ केले होते. महाराष्ट्रात यंत्रमागाला वीजदरात सवलत आहे आणि २०२४ च्या निर्णयानुसार तिचे प्रमाण २७ अश्वशक्तीच्या आत व बाहेर वेगवेगळे आहे. तमिळनाडूत यंत्रमागाला दर दोन महिन्यांस मोफत मिळणारी युनिटे २०२३ मध्ये ७५० वरून १,००० करण्यात आली. जेथे वीज मोफत वा स्वस्त मिळते तेथे सौरसंचाची निकड कमी होते, हे उघड आहे. ज्या सवलतीने लहान मालक तगून आहे, तीच त्याला नव्या ऊर्जेकडे वळण्यापासून रोखते. एकाच धंद्याची दोन राज्यांतील ही दोन कथानके तुलनेला चांगला आधार देऊ शकतील.

४. शब्दांचा साक्षीपुरावा

ऊर्जेतील स्थित्यंतरे भाषेत आपला गाळ सोडून जातात. मराठी बोलीत विजेला ‘लाईट’ म्हणतात. ‘लाईट गेली’ हे वाक्य दिव्याबद्दल असते तसेच पंप, पिठाची गिरणी आणि माग यांच्याबद्दलही असते. वीज आपल्याकडे प्रथम उजेडाच्या रूपाने आली, शक्तीच्या रूपाने नंतर आली, या इतिहासाची खूण या शब्दात राहिली आहे. ‘वीज’ हा शब्द तर आकाशातून जमिनीवर पडणाऱ्या गोष्टीचा. तो मीटरने मोजल्या जाणाऱ्या मालाला लागू झाला, हा अर्थविस्तार स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राने ‘लोडशेडिंग’ अनुभवले. प्रशासकीय मराठीने त्याला ‘भारनियमन’ असा प्रतिशब्द दिला. मूळ शब्दात भार टाकून देण्याची, झटकून टाकण्याची क्रिया आहे, तर प्रतिशब्दात शिस्त आणि नियोजन आहे. लोकांनी मूळ शब्दच पसंत केला. यंत्रमागाच्या कारखान्यात तर या शब्दाला निराळाच प्रतिध्वनी होता. विणकामाच्या तीन मूलभूत क्रियांपैकी पहिली, म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करून धोट्याला वाट करून देण्याची क्रिया, तिचेही तांत्रिक नाव ‘शेडिंग’च आहे. एका शेडिंगने धोटा धावतो, दुसऱ्याने तो थांबतो.

तिसरा शब्द ‘अपारंपरिक’. केंद्रात १९८२ साली अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा विभाग स्थापन झाला, १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले आणि २००६ मध्ये त्याच्या नावात ‘नवीन व नवीकरणीय’ ऊर्जा आली. सूर्य, वारा आणि पाणी यांना अपारंपरिक ठरवून कोळशाला परंपरेचे स्थान देणारी ही परिभाषा जवळजवळ पाव शतक निर्वेधपणे चालली. उन्हात सूत वाळविणाऱ्या, उत्तरेच्या उजेडात धागा जोडणाऱ्या धंद्यावर ती लादली गेली, ही विसंगती ध्यानी घेण्याजोगी आहे. कोणत्याही वाङ्मयीन परंपरेचा विचार करताना ‘परंपरा’ या शब्दाची व्याप्ती कोण ठरवितो, हा प्रश्न आपण विचारतो. तो येथेही विचारला पाहिजे.

५. मागावरील वाङ्मय : प्रवाह आणि साठा

आंद्रेआस माल्म यांनी ‘फॉसिल कॅपिटल’ या २०१६ मधील ग्रंथात एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला आहे. इंग्लंडच्या कापड गिरण्या पाण्याकडून वाफेकडे वळल्या, त्या वाफ स्वस्त होती म्हणून नव्हे. पाणी हा प्रवाह आहे. त्याची जागा आणि वेळ तो स्वतः ठरवितो. कोळसा हा साठा आहे. तो जेथे मजूर मिळतात तेथे नेता येतो आणि हवा तेव्हा जाळता येतो. कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आल्यावर तर ओढ्याची वाट पाहणे मालकाला परवडेना. ऊर्जेची निवड ही श्रमावरील नियंत्रणाची निवड होती, असा याचा मथितार्थ.

हा सिद्धान्त हाती घेऊन मागावरील वाङ्मय वाचले, तर काही भेद स्पष्ट होतात. गेरहार्ट हाउप्टमान यांचे ‘विणकर’ हे १८९२ चे नाटक सायलेशियातील १८४४ च्या उठावावर आहे. तेथील विणकर हातमागावर, घरात काम करतो. त्याला लागणारी ऊर्जा त्याच्या देहात आहे आणि म्हणून भूक हाच तिचा तुटवडा. अब्दुल बिस्मिल्लाह यांची ‘झीनी झीनी बीनी चदरिया’ ही १९८६ ची हिंदी कादंबरी बनारसच्या विणकरांची आहे. काळ आणि देश भिन्न असूनही देह हेच इंधन, ही परिस्थिती तीत ओळखू येते. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीत मुंबईची गिरणी आहे. येथे धोटा धावतो तो विणकराच्या हाताने नव्हे, बाहेरून आलेल्या शक्तीने. माणसाने त्याच्या वेगाशी जुळवून घ्यावयाचे असते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात संपानंतर थांबलेल्या गिरणीच्या छायेतील कुटुंब आहे. तेथे ऊर्जेचा प्रत्यय तिच्या अनुपस्थितीतून, भोंग्याच्या मौनातून येतो.

या कृतींतून कामगाराच्या वेळेवर कोणाची सत्ता आहे, याची तीन उत्तरे मिळतात : भुकेची, यंत्राची आणि शेवटी बाजाराची. सौरऊर्जा यांत चौथे उत्तर आणते काय? माल्म यांच्या परिभाषेत ऊन हा प्रवाह आहे. म्हणून सूर्यावर चालणारा माग पुन्हा दिवसाच्या मर्यादेत येईल आणि लोखंडे यांच्या निवेदनातील सूर्यास्त परत मिळेल, अशी कल्पना करण्याचा मोह होतो. परंतु वर पाहिल्याप्रमाणे छपरावरून मिळणारी वीज गरजेच्या पाचव्या हिश्श्याइतकी आहे. उरलेले चार हिस्से ग्रीड पुरविते आणि ग्रीडला रात्र ठाऊक नाही. पटले येऊनही रात्रपाळी तशीच राहते.

६. रात्रपाळीचा आणि खाड्याचा प्रश्न

तरीही सूर्य घड्याळ म्हणून परत येतो आहे, मात्र निराळ्या दाराने. केंद्र शासनाने २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १० किलोवॅटपेक्षा अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लागू करावयाचे होते : सूर्यप्रकाशाच्या तासांत दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या वेळी किमान १.२ पट. या तत्त्वाचा परिणाम दिवस स्वस्त आणि संध्याकाळ महाग होण्यात होतो. १८८४ साली कामगारांनी जी मर्यादा मागितली, तिचाच एक अवशेष आता दरपत्रकाच्या रूपाने मालकाच्या हिशेबात उतरला आहे.

पण मागणारा बदलला की मागणीचा अर्थ बदलतो. दिवसाच्या मर्यादेची मागणी कामगाराने केली, तेव्हा ती विश्रांतीची मागणी होती. तीच मर्यादा दराच्या रूपाने आली, तर महाग तासांतील पाळी आखडण्याची शक्यता निर्माण होते. यंत्रमागावर मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते. पाळी आखडली तर कामगाराला विश्रांती मिळेल, मजुरी मिळणार नाही.

येथे मागे राखून ठेवलेल्या वस्तुस्थितीकडे वळू. सूत नसल्याने किंवा कापडाला उठाव नसल्याने माग बंद राहिले, तर पटलांची सारी वीज ग्रीडकडे जाते आणि मालकाच्या बिलात जमा होते. भारनियमनाच्या काळात वीज गेली की मालक आणि कामगार दोघांचेही नुकसान होत असे. त्या अंधारात एक प्रकारची समानता होती. आता खाड्याच्या दिवशी छप्पर कमावते आणि विणकर कमावीत नाही. रक्कम लहान आहे. ७२ युनिटांनी कोणी श्रीमंत होत नाही आणि कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या छोट्या मालकाला ती हवीच असते. मात्र कारखाना बंद असतानाही त्याच्या छपराला उत्पन्न असावे, हे नाते यंत्रमागाच्या इतिहासात नवीन आहे. मालक आणि कामगार यांच्यात पूर्वी सूत, माग आणि मजुरी होती. आता त्यांच्यामध्ये ऊनही आले आहे, आणि त्याची मालकी छपराबरोबर ठरते.

यावर व्यवहारात तोडगा निघू शकतो. बचतीचा काही अंश मजुरीच्या दराशी जोडणे, अनेक लहान यंत्रमागधारकांनी सहकारी पद्धतीने सामाईक संच उभारणे, भाडेकरू मालकाला छपराचा हक्क देणारे करार करणे, हे मार्ग सहकाराची परंपरा असलेल्या प्रदेशाला अपरिचित नाहीत. त्यांची चर्चा धोरणकर्ते करतील. साहित्याच्या अभ्यासकाचे काम वेगळे आहे. हाउप्टमान यांच्या नाटकात भूक, वरेरकरांच्या कादंबरीत धोट्याचा वेग आणि ‘अधांतर’मध्ये भोंग्याचे मौन हे आपण ऊर्जेचे वाङ्मयीन रूप म्हणून वाचू शकतो, कारण लेखकांनी ते कामगाराच्या बाजूने पाहिले. बंद कारखान्याच्या छपरावर चकाकणारे ऊन आणि खाली कामाविना बसलेला विणकर, हे दृश्य अद्याप मराठीच काय, यंत्रमागाच्या कोणत्याही भाषेत ठळकपणे उमटलेले दिसत नाही. ते मालेगावच्या उर्दूत, सोलापूरच्या तेलुगूत, पल्लडमच्या तमिळमध्ये किंवा इचलकरंजीच्या मराठीत जेव्हा लिहिले जाईल, तेव्हा त्यात सूर्याचे वर्णन कसे येते, यावरून त्या भाषेने हे ऊर्जांतर कोणाच्या दृष्टीने अनुभवले, हे सांगता येईल. तोपर्यंत या विषयाचा पहिला दस्तऐवज म्हणून आपल्याला १८८४ च्या त्या निवेदनाकडेच पुन्हा जावे लागते. त्यातील सूर्यास्त हा निसर्गवर्णनाचा भाग नव्हता, श्रमाची अट होता.